बुडालेल्या जहाजात कोणी उतरावे?

कॅनडाच्या पाण्यात बुडालेल्या दोन जहाजांना दोन वेगळे न्याय लागू आहेत. क्यूबेक प्रांतातल्या रिमूस्की शहराजवळ, जिथे सेंट लॉरेन्स नदी समुद्रासारखी रुंद होते, तिथे ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ आडवी पडलेली आहे. २९ मे १९१४ च्या पहाटे ती बुडाली तेव्हा १०१२ माणसे गेली. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तिच्यावर उतरता येते. फक्त तिथून काही उचलायचे नाही. लेक सुपीरियरच्या तळाशी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज आहे. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात ते २९ खलाशांसह बुडाले. त्याच्या ५०० मीटरच्या आत ओंटारिओ सरकारच्या परवान्याशिवाय पाणबुड्या तर सोडाच, कॅमेराही उतरवता येत नाही. नियम मोडणाऱ्याला १० लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हजार माणसांची कबर उघडी आणि एकोणतीस जणांची कुलूपबंद, असा हा प्रकार.

ही विसंगती दिसते तितकी वेडगळ नाही. एम्प्रेस सुमारे ४० मीटरवर आहे, म्हणजे हौशी पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाची हद्द जिथे संपते तिथे. फिट्झगेराल्ड १६० मीटरवर आहे आणि तेवढ्या खोल जाऊन जिवंत परत येणारी माणसे जगात थोडी. प्रांत वेगळे, कायदे वेगळे. सगळ्यात मोठा फरक काळाचा. एम्प्रेसवरून वाचलेली शेवटची प्रवासी १९९५ साली वारली. त्या रात्री ती सात वर्षांची होती आणि तिचे आईवडील दोघेही बुडाले होते. फिट्झगेराल्डवर वडील, भाऊ, मुलगा गमावलेली कुटुंबे मात्र अजूनही दर १० नोव्हेंबरला मिशिगनमधल्या व्हाइटफिश पॉइंटला जमतात आणि एकोणतीस नावांसाठी घंटेचे एकोणतीस टोल ऐकतात.

तरीही प्रश्न उरतोच. थंड पाण्यात बुडालेल्या जहाजावर हौसेने उतरावे का, आणि उतरू द्यावे का? पाणबुडे म्हणतात, आम्ही पाहतो म्हणून ही जहाजे लोकांच्या आठवणीत राहतात. मृतांचे नातेवाईक म्हणतात, तुमच्या हौसेसाठी आमच्या माणसांची झोपमोड नको. दोन्ही बाजूंना चांगली माणसे आहेत, आणि दोघांचेही म्हणणे पुरते खोटे नाही.

एम्प्रेसची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या वादातले बहुतेक मुद्दे तिच्यात सापडतात. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे हे प्रवासी जहाज क्यूबेकहून लिव्हरपूलला निघाले होते. जहाजावर १४७७ माणसे होती. रात्री दोनच्या सुमारास धुके उतरले आणि कोळशाने भरलेले ‘स्टोरस्टॅड’ हे नॉर्वेजियन जहाज तिच्या कुशीत घुसले. बर्फ फोडण्यासाठी मजबूत केलेला स्टोरस्टॅडचा नाकाडा एम्प्रेसचा पत्रा चिरत गेला. खालच्या मजल्यांच्या गोल खिडक्या अनेक जागी उघड्या होत्या, जलरोधक दरवाजे वेळेत बंद झाले नाहीत आणि जहाज चौदा मिनिटांत उजव्या कुशीवर कलंडून बुडाले. खालच्या मजल्यावरच्या बहुतेकांना जिना गाठता आला नाही. जहाजावर १३८ मुले होती, त्यांतली चार वाचली. बुडालेल्या प्रवाशांचा आकडा टायटॅनिकवर बुडालेल्या प्रवाशांपेक्षाही मोठा होता. कप्तान हेन्री केंडॉल वाचला. चार वर्षांपूर्वी डॉक्टर क्रिपन या खुन्याला बिनतारी संदेशाने पकडून देणारा कप्तान म्हणून त्याचे नाव जगभर झाले होते. टायटॅनिकची चौकशी करणाऱ्या लॉर्ड मर्सी यांनीच या अपघाताची चौकशी केली आणि दोष स्टोरस्टॅडवर ठेवला. नॉर्वेच्या चौकशीने तो एम्प्रेसवर ठेवला. दोन महिन्यांनी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हजार माणसांचा हा अपघात वर्तमानपत्रांच्या पानांवरून उतरला तो उतरलाच.

एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या जहाजावर पहिल्यांदा उतरलेले लोक हौशी नव्हते. १९१४ च्या उन्हाळ्यातच कंपनीने पितळी शिरस्त्राण घातलेले व्यावसायिक पाणबुडे पाठवले. त्यांनी पत्रा कापून टपालाच्या पिशव्या आणि चांदीच्या विटा वर काढल्या, काही मृतदेहही काढले. त्यांच्यातला एडवर्ड कॉसाबूम त्या कामात मेला. म्हणजे कबरीत पहिला शिरकाव पैशासाठी झाला आणि त्याला त्या वेळी कोणी नावे ठेवली नाहीत. हौशी पाणबुड्यांवर आज जेवढा राग निघतो तेवढा या इतिहासावर निघत नाही, हे थोडे अन्यायाचेच आहे.

त्यानंतर पन्नास वर्षे जहाज जवळजवळ विस्मृतीत होते. १९६४ साली काही पाणबुड्यांनी ते पुन्हा शोधले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत जे घडले ते दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने सांगता येते. पाणबुड्यांनी जहाजाचे चित्रण केले, नकाशे काढले, कोण कुठे झोपले होते याचा अभ्यास केला. पॉइंट-ओ-पेअरला जे सागरी संग्रहालय उभे राहिले, त्यात एम्प्रेसचे दालन आहे आणि तिथल्या बऱ्याच वस्तू या लोकांनीच वर आणलेल्या आहेत. त्याच काळात बशा, पितळेच्या खिडक्या, दिवे, जहाजाच्या नावाच्या वस्तू घरोघरच्या दिवाणखान्यांतही गेल्या. एका पाणबुड्याने आयुष्यभर जमवलेला मोठा संग्रह २०१२ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला विकत घ्यावा लागला. हा संग्रह वाचवला म्हणावा की सोडवून घेतला म्हणावा, यावर आजही लोक भांडतात. क्यूबेक सरकारने १९९९ मध्ये जहाजाला संरक्षण दिले, २००९ मध्ये ते कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. वस्तू उचलणे थांबले, पाहणे चालू राहिले.

पस्तीस वर्षे उशिरा आलेल्या या कायद्यातली अर्धी गोष्ट आम्हाला बरोबर वाटते आणि अर्धी अपुरी. ती अपुरी का, हे कळायला थंड पाणी काय करते ते पाहावे लागेल.

उष्ण समुद्रात लाकडी जहाज बुडाले की लाकूड पोखरणारे किडे काही वर्षांत त्याचा भुगा करतात. थंड आणि गोड्या, किंवा कमी खारट, पाण्यात ते किडे जगत नाहीत. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली बुडालेली ‘वासा’ १९६१ मध्ये वर आली तेव्हा तिच्यावरचे कोरीवकाम ओळखू येत होते, ते याच कारणाने. अमेरिका आणि कॅनडामधल्या महासरोवरांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची शिडाची जहाजे डोलकाठ्यांसह उभी सापडतात. लेक ह्यूरनमधल्या थंडर बे भागाला २००० साली सरकारी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला तो या खजिन्यामुळेच. इतिहासाच्या अभ्यासकाला यापरते भाग्य नाही.

पण जे पाणी लाकूड राखते ते माणसालाही राखते. लेक सुपीरियरच्या तळाशी पाणी बाराही महिने चार अंशांच्या आसपास असते. शरीर कुजवणारे जिवाणू तिथे जवळजवळ थंडावतात. पोटात वायू धरत नाही, त्यामुळे प्रेत वर येत नाही. शरीरातल्या चरबीचे हळूहळू साबणासारख्या, पांढऱ्या मेणचट पदार्थात रूपांतर होते आणि आकार टिकून राहतो.

‘कॅमलूप्स’ हे जहाज डिसेंबर १९२७ मध्ये आयल रॉयल बेटाजवळ बर्फाळ वादळात नाहीसे झाले. त्यावरचा एकही माणूस वाचला नाही. त्यातले काही जण बेटापर्यंत पोचले होते, पण थंडीने मेले. पुढच्या हिवाळ्यात एका बाटलीत त्या जहाजावरच्या एका तरुण स्त्रीने लिहिलेली चिठ्ठी सापडली. जहाज मात्र पन्नास वर्षे सापडले नाही. १९७७ मध्ये पाणबुड्यांनी ते शोधले. ५० ते ८० मीटर खोल, कुशीवर पडलेले, पोटात गोळ्यांच्या पुड्या आणि बूट अजून शाबूत असलेले. इंजिनखोलीत एक माणूस होता. तो आजही तिथे आहे. जहाजावर जाणाऱ्यांनी त्याला टोपणनाव दिले आहे, ‘ओल्ड व्हायटी’. त्याच्या भेटीच्या चित्रफिती फिरतात, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात बऱ्याचदा शोधाचा आनंद असतो. हा माणूस कोणाचा तरी मुलगा होता, त्याला नाव होते, पगार होता, आणि डिसेंबरातली ती फेरी त्याने मजेसाठी केलेली नव्हती. आयल रॉयल हे अमेरिकेचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे उतरण्याआधी नोंदणी करावी लागते आणि काहीही उचलायला बंदी आहे. पण ‘काही उचलू नका’ हा नियम इथे तोकडा पडतो. इथे प्रश्न नजरेचा आहे.

म्हणून एम्प्रेसचा कायदा आम्ही अपुरा म्हणतो. तिथल्या आतल्या दालनांत हाडे दिसल्याचे पाणबुडे सांगत आले आहेत. वस्तूंना संरक्षण मिळाले म्हणून माणसांना मिळाले असे होत नाही. बशीची चोरी कायद्याला कळते, कारण बशीला किंमत असते.

आता धोक्याचा मुद्दा. पाणबुड्यांविरुद्ध तो सगळ्यात आधी काढला जातो. आमच्या मते तो सगळ्यात कमजोर आहे. धोका खोटा आहे असे नव्हे. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगाने ओढून घेते, म्हणून सेंट लॉरेन्समध्ये अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट लागतो, आत लोकरीचे थर लागतात आणि तरीही बोटे बधिर होतातच. टाकीतली दाबलेली हवा बाहेर येताना प्रसरण पावते आणि आणखी थंड होते. श्वासाच्या यंत्राची झडप बर्फाने अडकली की ती उघडीच राहते आणि टाकी काही मिनिटांत रिकामी होते. ४० मीटरवर नायट्रोजनची गुंगी येते. दारू प्यायल्यासारखा माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो. परत येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते आणि ते थांबणे त्याच गोठवणाऱ्या पाण्यात असते. त्यात एम्प्रेस आडवी आहे. तिच्या आत गेलेल्याला भिंत पायाखाली आणि जमीन बाजूला दिसते, एका पंखाच्या फटकाऱ्याने शंभर वर्षांचा गाळ उठतो आणि दिव्याच्या उजेडात स्वतःचा हातही दिसत नाही. बाहेर भरती-ओहोटीचा ओढा असतो. गेल्या काही दशकांत या जहाजावर अनेक पाणबुड्यांचा जीव गेला आहे.

पण सज्ञान माणूस आपल्या जिवाचा धोका पत्करत असेल तर सरकारने त्याला जहाजापासून हटवायचे आणि हिमालयात मात्र सोडायचे, हे कोणत्या तत्त्वात बसते? एव्हरेस्टच्या वाटेवर प्रेते आहेत हे सर्वांना माहीत आहे, आणि तिथे परवाने दरवर्षी विकले जातात. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो वाचवायला येणाऱ्यांच्या बाजूने घ्यावा. रिमूस्कीजवळ घाईने वर आल्यामुळे कोणाला वायूचा झटका बसला तर दाबाच्या खोलीत उपचार करणारे रुग्णालय लेव्ही शहरात, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. हरवलेल्याला शोधायला जाणारा पाणबुड्याही त्याच गाळात जातो. म्हणून प्रशिक्षणाचा दाखला, सोबतीची सक्ती, बोटीवर प्राणवायू या अटी घालणे योग्य. त्यापलीकडे ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून जहाज बंद करणे आम्हाला पटत नाही. बंद करायचे असेल तर मेलेल्यांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी करावे, आणि तसे उघड सांगावे.

फिट्झगेराल्डच्या बाबतीत तसे उघड सांगितले गेले, हे ओंटारिओचे श्रेय. १९९४ मध्ये एका खासगी मोहिमेने छोट्या पाणबुडीतून जहाजाजवळ जाऊन पाहणी केली आणि तळावर जीवरक्षक जाकीट घातलेला एक मृतदेह दिसल्याचे जाहीर केले. चित्रणही झाले. बुडालेल्यांपैकी एकाचाही देह तोवर सापडला नव्हता. एकोणीस वर्षांनी तो दूरचित्रवाणीवर दिसण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा कुटुंबे हादरली. पुढच्याच वर्षी त्यांच्या मागणीवरून जहाजाची घंटा वर काढण्यात आली आणि तिच्या जागी एकोणतीस नावे कोरलेली दुसरी घंटा ठेवण्यात आली. कुटुंबांच्या लेखी तो अंत्यविधी होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी दोन स्कूबा पाणबुडे मिश्र वायूंच्या टाक्या घेऊन त्या जहाजापर्यंत पोचले. खाली जायला सहा मिनिटे, जहाजावर सहा मिनिटे, वर यायला तीन तास. शारीरिक कर्तबगारी म्हणून ती थक्क करणारी होती. पण अंत्यविधी आटोपून आठ-नऊ आठवडेही झाले नाहीत तोच कोणी कबरीवर विक्रम करून जावा, हे त्या कुटुंबांना कसे वाटले असेल याची कल्पना करायला फार संवेदनशील असावे लागत नाही. मिशिगन राज्याने बुडालेल्यांच्या देहांच्या छायाचित्रांवर कायद्याने बंधन आणले आणि २००६ मध्ये ओंटारिओने ५०० मीटरची रेघ ओढली.

आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगितली जाते. त्या बोटीच्या जागेवर कोणी तिकीट लावून सहल काढली तर कसे वाटेल, एवढा विचार केला तरी फिट्झगेराल्डच्या कुटुंबांची बाजू समजते.

मग बंदीला विरोध कशासाठी? एका कारणासाठी, आणि ते कारण फिट्झगेराल्डमध्येच दडलेले आहे. जहाज का बुडाले यावर आजही एकमत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९७७ च्या अहवालात म्हटले की मालाच्या कोठारांची झाकणे नीट घट्ट नव्हती, त्यातून पाणी शिरले. जहाजमालकांच्या संघटनेला ते मान्य नव्हते. त्यांच्या मते जहाजाचा तळ आधी एका उथळ खडकाळ जागी घासला होता. हा वाद तांत्रिक वाटतो, पण झाकणे बंद करणे खलाशांचे काम होते. म्हणजे पहिला निष्कर्ष मेलेल्यांवर ठपका ठेवतो. या जहाजावरचे गाणे लिहिणारा गॉर्डन लाइटफूट याने झाकणासंबंधीची ओळ २०१० पासून कार्यक्रमांत बदलून म्हणायला सुरुवात केली, ती खलाशांवरचा डाग पुसावा म्हणूनच. तळावरचे जहाज हाच अशा वादातला शेवटचा साक्षीदार असतो. साक्षीदाराला कुलूप लावताना किल्ली कोणाकडे राहते, हे विचारायला हवे.

‘एस्टोनिया’ने हा प्रश्न फार कडवट रीतीने विचारला. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिक समुद्रात हे प्रवासी जहाज बुडाले, ८५२ माणसे गेली, बहुतेक आतच राहिली. जहाज ८० मीटरच्या आसपास होते, म्हणजे देह काढणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. स्वीडन, फिनलंड आणि एस्टोनियाने १९९५ मध्ये करार करून ती जागा कबर म्हणून जाहीर केली आणि आपल्या नागरिकांना तिथे जायला मनाई केली. स्वीडनने तर जहाजावर काँक्रीटचे आवरण घालायचा घाट घातला होता. काम सुरूही झाले, पण नातेवाइकांनीच विरोध केल्यावर ते सोडून द्यावे लागले. इथे नातेवाईक बंदीच्या बाजूने एकमुखी नव्हते. अनेकांना आपले माणूस वर हवे होते, अनेकांना खरे कारण हवे होते. २०१९ मध्ये दोन स्वीडिश चित्रपटकर्त्यांनी जर्मन झेंड्याच्या जहाजावरून यांत्रिक कॅमेरा खाली सोडला, कारण जर्मनी त्या करारात नव्हता. २०२० मध्ये दाखवलेल्या मालिकेत जहाजाच्या कुशीतले चार मीटरचे भगदाड जगाने पहिल्यांदा पाहिले. त्यावरून तिन्ही देशांना नवी तपासणी करावी लागली, आणि ती करता यावी म्हणून कायदाही बदलावा लागला. नव्या तपासणीला धडक किंवा स्फोटाचा पुरावा मिळाला नाही. भगदाड समुद्रतळावरच्या खडकामुळे पडले असावे आणि मूळ दोष पुढच्या झडपेच्या बांधणीतच होता, असे तज्ज्ञांचे म्हणणे पडले. पंचवीस वर्षांच्या अफवा एका उघड तपासणीने निवल्या. ती तपासणी ज्यांच्यामुळे झाली त्या दोघांवर मात्र कबरीच्या शांततेचा भंग केल्याबद्दल खटला चालला. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले, पण अपिलानंतरच्या फेरसुनावणीत २०२२ मध्ये दंड झाला.

एस्टोनियाच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. जे सरकार जहाजाला कबर म्हणून कुलूप लावते त्याने आधी स्वतः आत जाऊन पाहावे आणि पाहिलेले सगळे लोकांपुढे ठेवावे. तसे न करता लावलेल्या कुलपावर मेलेल्यांच्या शांततेचे नाव असले तरी त्याचा उपयोग जिवंत अधिकाऱ्यांना होतो.

बंदी घालून जहाज सुरक्षित राहते, हा समजही तपासून घ्यावा. २०१६ मध्ये डच पथक जावा समुद्रात आपल्या युद्धनौकांच्या अवशेषांपर्यंत पोचले तेव्हा ‘डे रॉयटर’ आणि ‘जावा’ ही जहाजे तळावर नव्हतीच. वाळूत त्यांच्या आकाराचे खळगे तेवढे होते. भंगारवाल्यांनी हजारो टनांची जहाजे, आतल्या खलाशांच्या अवशेषांसकट, उचलून नेली होती. तिथे नियमाने येणाऱ्या हौशी पाणबुड्यांचा राबता असता तर हे इतके निवांत झाले नसते. एखादी प्लेट पळवणारा पाणबुड्या वाईटच, पण जिथे कोणीच जात नाही तिथली चोरी कोणाला कळतही नाही.

या सगळ्यात ब्रिटनची व्यवस्था आम्हाला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. तिथल्या १९८६ च्या कायद्यात लष्करी अवशेषांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गातल्या जहाजांवर उतरा, पाहा, पण हात लावू नका आणि आत शिरू नका. दुसऱ्या वर्गात परवान्याशिवाय पाऊल ठेवायचे नाही. ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या थंडगार पाण्याच्या खाडीत याचा प्रत्यय येतो. तिथे ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवली, आठशेहून अधिक खलाशी गेले. तिथे फक्त नौदलाचे पाणबुडे जातात आणि दरवर्षी पाण्याखालचा ध्वज बदलतात. त्याच खाडीत जर्मन आरमाराने २१ जून १९१९ ला स्वतः बुडवलेल्या तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर आहेत. ती जहाजे कोणाला पोटात घेऊन बुडाली नव्हती, म्हणून तिथे जगभरचे पाणबुडे येतात, आणि वस्तू उचलणे गुन्हा आहे. तिसरे उदाहरण ‘व्हॅन्गार्ड’चे. १९१७ मध्ये स्फोट होऊन आठशेहून अधिक माणसांसह बुडालेली ही नौका कडक बंदीत आहे. पण शताब्दीच्या वेळी संरक्षण खात्याने नागरी पाणबुड्यांच्या एका स्वयंसेवी पथकाला परवाना दिला. त्यांनी अवशेषांची मोजणी आणि चित्रण केले, बाहेरूनच. हौशी माणूस आणि कबर यांच्यात विश्वासाचे नाते असू शकते, हे तिथे दिसले.

ज्यांना थंड पाण्याचा आणि लोखंडी जहाजाचा थरारच हवा आहे त्यांच्यासाठी दुसरी वाटही आहे. कॅनडाने आपली निवृत्त युद्धनौका ‘निपिगॉन’ २००३ मध्ये सेंट लॉरेन्सच्याच पाण्यात, रिमूस्कीच्या बाजूला मुद्दाम बुडवली. तिच्यात कोणी मेलेले नाही. सिंधुदुर्गात निवतीजवळ नौदलाची ‘गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रतळाशी ठेवून तिच्याभोवती पर्यटन उभे करण्याचे काम महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतले आहे, ते याच जातीचे. पाणबुडे मात्र कबूल करतील की ते निपिगॉनवर सराव करतात आणि एम्प्रेसचे स्वप्न पाहतात. ओढ गोष्टीची असते, नुसत्या पत्र्याची नाही. ती ओढ वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. अपघाताच्या जागी उभे राहून त्या माणसांचा विचार करावासा वाटणे ही माणुसकीच आहे, आणि एम्प्रेसचा विचार साठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा ज्यांनी केला ते पाणबुडेच होते.

म्हणून आमचा कौल असा. जहाजाच्या बाहेरचा भाग उघडा ठेवावा, आणि जिथे माणसे आहेत त्या आतल्या जागा बंद कराव्यात. एम्प्रेसवर उतरण्याची मुभा राहावी, पण आत शिरायला परवाना लागावा आणि तो अभ्यासाच्या कामासाठीच मिळावा. कॅमलूप्सची इंजिनखोली जाळी लावून बंद करावी. तिथल्या माणसाला पाहून कोणाच्या ज्ञानात आता भर पडणार नाही. त्याची चित्रफीत कोणी दाखवू लागले तर पाणबुड्यांच्या क्लबांनीच ती नाकारावी. हे काम कायद्यापेक्षा त्यांना जास्त चांगले जमेल. फिट्झगेराल्डवरची बंदी आज योग्य आहे, कारण ज्यांचे दुःख ताजे आहे ती माणसे हयात आहेत आणि त्यांनी ती मागितली आहे. पण तिला मुदत असावी. २०७५ मध्ये त्या वादळाला शंभर वर्षे होतील. तेव्हा ओंटारिओने हा प्रश्न नव्याने काढावा, त्या वेळच्या वारसांना विचारावे, आणि ते हो म्हणाले तर पहिला परवाना जहाज का बुडाले ते शोधणाऱ्यांना द्यावा.